आतला खिसा

रसाचा नमुना नळीत भरून अँड्र्यूने पोलारीमीटरला डोळा लावला आणि त्याच वेळी पँटच्या खिशात मोबाईल थरथरला. रसातली साखर मोजायचं ते यंत्र जुन्या बनावटीचं होतं. डोळ्यासमोर एक वर्तुळ दिसायचं, त्याचे दोन अर्धे, एक उजळ आणि एक काळसर. चकती हळूहळू फिरवत न्यायची. दोन्ही अर्धे सारखेच मंद झाले, त्यांच्यामधली रेघ नाहीशी झाली की थांबायचं आणि आकडा वाचायचा. श्रीगोंद्याकडच्या त्या साखर कारखान्यात आता आपोआप आकडा दाखवणारी यंत्रं आली होती, पण अँड्र्यू पडताळणीसाठी अजून हेच जुनं यंत्र काढायचा. रेघ पुसली जाते तो क्षण त्याला आवडायचा. तिथे शंकेला जागा नसते असं त्याला वाटायचं. आज ती रेघ पुसत आली होती, तेवढ्यात मोबाईल थरथरला, आणि त्या थरथरीच्या पाठोपाठ त्याला तो आवाज ऐकू आला. कापडाच्या आत कडक प्लास्टिक दाबलं गेलं की येतो तसा, कोरडा, करकर असा. त्याने डोळा काढला. प्रयोगशाळेत ऊस पिळणाऱ्या चरकांची घरघर खालून येत होती, काचेच्या बाटल्या एकमेकींना लागून बारीक वाजत होत्या; करकरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. मेसेज जास्मिनताईचा होता. कागद मिळाला का, ऑफिसने पुन्हा विचारलंय. त्याने ‘बघतोय’ असं लिहिलं आणि पुन्हा डोळा लावला, तर रेघ होती कुठे तेच त्याला सापडेना. दोन्ही अर्धे कधी उजळत होते, कधी काळवंडत होते, आणि सारखे म्हणावेत असे ते एकदाही झाले नाहीत.

कागद म्हणजे निकालाचा कागद. जास्मिन नर्स होऊन तिकडे गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या देशाचं नाव घरात आता कोणी घेत नसे. पप्पा होते तोवर ते रोज घेतलं जायचं, पप्पा गेले आणि तो देश नुसता ‘तिकडं’ झाला. तिथलं नागरिकत्व हवं असेल तर त्या देशाच्या इतिहासाची, कायद्यांची, सणावारांची एक परीक्षा द्यावी लागते. जास्मिन तिच्यात दोनदा नापास झाली. रात्रपाळीवरून आल्यावर ती राजांच्या सनावळ्या पाठ करायची आणि त्या तिच्या डोक्यात राहायच्या नाहीत. तिसऱ्या खेपेला ती पास झाली. पास झाल्याचा एकच कागद मिळतो, पोस्टकार्डाहून जरा मोठा, सही आणि उठावाचा शिक्का असलेला. त्याची दुसरी प्रत कोणी देत नाही. नागरिकत्वाचा अर्ज करीपर्यंत तो आपण सांभाळायचा. आता इतक्या वर्षांनी तिचा अर्ज त्या पायरीवर आला होता आणि मूळ कागद मागितला जात होता. नसेल तर तो कुठे, कसा हरवला ते सहीनिशी लिहून द्यायचं. मग ऑफिस ठरवणार, मानायचं की पुन्हा परीक्षेला बसवायचं. आणि लिहिलेल्यात काही खोटं निघालं तर अर्जच बाद. जास्मिनने हे सगळं त्याला फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, पुन्हा त्या परीक्षेला बसायचं बळ माझ्यात नाही, अंडू. तू फक्त घर नीट बघ. पप्पांनी तो टाकला नसणार. पप्पा कागद टाकणारे होते का?

नव्हतेच. शांतवन भिंगारदिवे मास्तर झेडपीच्या शाळेत शिकवायचे आणि एप्रिलअखेर मुलांच्या हातात प्रगतिपुस्तकं देताना दरवर्षी तेच सांगायचे, की निकाल मिळवायला एक वर्ष लागतं आणि सांभाळायला सगळा जन्म. मुलं हसायची. मास्तर मात्र मनापासून बोलत असत. त्यांच्या वडिलांची चौथीची सनद उंदरांनी खाल्ली होती आणि त्यापायी वडिलांना शिपायाची नोकरी मिळाली नव्हती, हे त्यांनी अँड्र्यूला कितीदा तरी सांगितलं होतं. जास्मिन पास झाल्यावर नाताळला आली, कागद तिने दाखवायला म्हणून आणला आणि तो पप्पांच्या हातून परत तिच्या हातात कधी गेलाच नाही. पोरीच्या मार्कशीटची जागा बापाच्या घरी, असं त्यांचं म्हणणं. तिलाही तेव्हा त्याची लगेच गरज नव्हती. तिने पप्पांचा एक फोटो काढला, दारात उभे, छातीशी कागद धरलेला. पण नेमका त्यांचा अंगठा शिक्क्यावर आणि नंबरावर पडलेला होता. ती परत गेली आणि पुढच्याच आठवड्यात पप्पांनी तो कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून आणला. नगरमध्ये कोणीही तेच केलं असतं. आधार कार्ड, जातीचा दाखला, लग्नाचा दाखला, घरातला प्रत्येक मोलाचा कागद प्लास्टिकात बंद होता. फोनवर ऐकून जास्मिन ओरडलीच. लॅमिनेट केलेला कागद तिकडे सहजासहजी मानत नाहीत, उठावाचा शिक्का बोटाला लागायला लागतो.  संध्याकाळी पप्पांनी अँड्र्यूला विचारलं, तू केमिस्ट्रीवाला आहेस, हे सुटेल का? अँड्र्यूने कडेला गरम इस्त्री लावून पाहिली आणि सांगितलं, डिंक कागदाच्या तंतूत वितळून शिरलाय, प्लास्टिक ओढलं तर अक्षरं प्लास्टिकाबरोबर येतील. मग त्याने उगाचच पुढे सांगितलं, की हे प्लास्टिक काही केल्या कुजत नाही, पाण्यात टाका, मातीत पुरा, शे-दोनशे वर्षं याला काही होणार नाही. त्याला वाटलं होतं, पप्पांना बरं वाटेल. आणि त्यांना वाटलंही. त्या दिवसापासून तो कागद त्यांच्या तपकिरी टेरीलीनच्या कोटाच्या आतल्या खिशात राहू लागला. कोट दाराजवळच्या खुंटीला. चर्चला जाताना, पेन्शनच्या कामाला जाताना तो अंगात चढायचा, आणि कोणी ‘सलाम मास्तर, पोरगी काय म्हणते’ असं विचारलं की हात आत जायचा आणि करकर वाजायची.

गेल्या रविवारी अँड्र्यू नगरला घरी गेला आणि आईबरोबर त्याने सगळं घर उपसलं. लोखंडी पेटी, गाद्यांच्या खालचे कप्पे, पप्पांची पुस्तकं, मोठ्या बायबलाची पानं एकेक करून. आई, पुष्पावतीबाई, गुडघे दुखत असूनही जमिनीवर बसून प्रत्येक पिशवी उलटी करत होती. पेटीत जास्मिनचे लहानपणचे स्वेटर निघाले, ते तिने झटकून पुन्हा घडी घातले. मधेच ती म्हणाली, अशा ठिकाणी बघू जिथं आपन कधी बघत न्हाई; आणि मग दोघांनी पोटमाळ्यावर चढून पाहिलं. अँड्र्यू शोधत होता खरा, पण शोधताना आपण फार व्यवस्थित शोधतोय हे त्याचं त्यालाच खटकत होतं. रिकामा आहे हे ठाऊक असलेला डबा माणूस जितक्या नीट उघडून बघतो, तितकं नीट. दाराजवळच्या खुंटीकडे दोघांपैकी कोणीही गेलं नाही. तिथे आता छत्री लटकत होती. निघताना तो बूट घालायला त्या खुंटीखाली वाकला, तेव्हा त्याने पाहिलं, आईही तिकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पाण्याचा तांब्या पुसत होती, आणि तांब्या कोरडाच होता.

पप्पांना कोट त्यानेच घातला होता. एवढं नक्की. चार वर्षांपूर्वी पप्पा छातीत कळ येऊन गेले, तेव्हा जास्मिनचा तिकडचा व्हिसा वाढवण्याचा अर्ज मधेच अडकलेला होता. देश सोडला असता तर अर्ज रद्द झाला असता. ती आली नाही. अँड्र्यूला ते समजत होतं आणि समजत असल्यामुळे कुणावर रागावताही येत नव्हतं. मच्छिंद्र, गावाकडचा, पप्पांचा जुना विद्यार्थी, मदतीला होता. त्याने पप्पांना मागून उठवून धरलं, आईने खुंटीवरचा कोट काढून अँड्र्यूच्या हातात दिला, अँड्र्यूने आधी डावा हात घातला, मग उजवा, मग पुढून बटणं लावली. तीन बटणं. त्यातलं मधलं लावताना तळहात छातीवर टेकला. इथपर्यंत त्याला सगळं स्वच्छ आठवत होतं. मच्छिंद्रच्या हाताला येणारा बिडीचा वास, पप्पांच्या मानेवर वाढलेले पांढरे खुंट. पण तळहात टेकला तेव्हा आवाज आला का? पूर्वी त्याने या गोष्टीचा विचारच केला नव्हता. जास्मिनने कागद विचारला आणि त्या रात्री पहिल्यांदा तो आवाज आला. आता तर तो केव्हाही येत होता, साखरेचं पोतं शिवताना, एसटीच्या सीटवर बसताना, उशीवर कूस बदलताना. आठवण प्रश्नानंतर तयार झाली होती की प्रश्नाने ती उकरली होती, हे ठरवायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. एकच नमुना, एकदाच घेतलेला, पुन्हा घेता न येणारा. आणि आवाज आला असेल तर मग त्याने हात आत का घातला नाही? इथे आल्यावर विचार चालायचा थांबे. त्याला वाटे, कदाचित मी मनात म्हणालो असेन की राहू दे, ती आली नाही, तिचं हे तरी जाऊ दे त्यांच्याबरोबर. पण हे मायेने म्हणालो असेन की दातओठ खाऊन? मधलं बटण घट्ट होतं, ते त्याने जोर लावून बसवलं होतं. त्या जोराचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

दफनाचंही त्याला धड काही आठवत नव्हतं, कारण ते त्याने जास्मिनसाठी मोबाईलवर दाखवलं होतं. सबंध वेळ त्याची नजर स्क्रीनवर होती. हात हलत नाही ना, चेहरा चौकटीत येतोय ना. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात जास्मिन युनिफॉर्मवर, कुठल्यातरी साठवणीच्या खोलीत, मागे चादरींचे गठ्ठे. गीत चालू असेपर्यंत नेटवर्क टिकलं. पेटी दोरांवर उचलली गेली आणि चित्र गोठलं. जास्मिनचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, तसंच राहिलं, आणि अँड्र्यू मोबाईल उंच धरून कबरीच्या कडेने नेटवर्क शोधत हिंडला, तोवर माती पडून झाली होती. तिने खाली उतरवताना पाहिलं नाही. त्यानेही पाहिलं नाही.

आज प्रयोगशाळेत दुपारचा डबा खाऊन झाल्यावर आईचा फोन आला. रोझी आत्या गेली. पप्पांची थोरली बहीण, गावीच राहायची, बरेच दिवस अंथरुणाला होती, तेव्हा कोणाला धक्का असा बसला नाही. आईने काय काय करायचं ते सांगितलं. पाळकसाहेबांना कळवलंय, दफन उद्या दुपारी, तू कारखान्यातून सरळ गावाला ये, मी मच्छिंद्रच्या टेम्पोतून पुढं जाते. मग जरा थांबून ती म्हणाली, आत्याला शांतवनच्याच कबरीत ठेवायचं ठरलंय. तिसगावच्या पलीकडच्या त्यांच्या गावात ख्रिस्ती कबरस्तान म्हणजे शेतांमध्ये राहिलेला एक तुकडा. नव्या कबरीला जागा उरली नाही तशी घराण्याची जुनी कबर उघडायची पद्धत पडली. आधीच्या माणसाचं जे काही उरलं असेल ते पांढऱ्या कापडात बांधून पायाशी ठेवायचं आणि नव्या माणसाला त्यावर. आत्याने ते कधीच सांगून ठेवलं होतं, भावाशेजारी म्हणून. ‘सकाळी उघडतील,’ आई म्हणाली. ‘घरचं एक मानूस उभं लागतं.’ अँड्र्यू म्हणाला, मी उभा राहतो. तू येऊ नको. आईने फोन ठेवला.

संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी बसून तो हिशेब मांडत राहिला. लाकूड साधं होतं, आंब्याचं. ते गेलं असेल. सुती सदरा गेला असेल. टेरीलीन राहील. प्लास्टिक राहील. मुरमाड जमीन, पाणी मुरून जाणारी. छपाईची शाई काजळीची, तिलाही काही होणार नाही. सही निळ्या शाईची, तिचं सांगता येत नाही. या सगळ्याची त्याला लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं. निदान एक प्रयोग असा होता की ज्याचं उत्तर उद्या सकाळी हातात पडणार होतं. लवकर जायचं, मच्छिंद्रला बाजूला घेऊन सांगायचं, कोणी यायच्या आत खिशातला कागद काढून घ्यायचा. पुसायचा, पाकिटात घालायचा, जास्मिनला कळवायचं की सापडला. कुठे सापडला ते ती विचारेल. पेटीत, म्हणायचं. स्वेटरांमध्ये. पण मग करंजीच्या घाटात गाडी वळणं घेऊ लागली आणि त्याला आत्या आठवली. पप्पांच्या कबरीवर दगड बसवायचा होता तेव्हा गवंड्याने विचारलं होतं, खाली मुलांची नावं घालायची का, शोकाकुल म्हणून. आईने होकार दिला होता. आत्या खाटेवरून उठून बसली. ‘जित्या मानसाचं नाव मातीत घालू नका,’ ती म्हणाली होती. ‘माती नाव धरून ठेवती. मग त्या मानसाचं काय बी तडीला जात न्हाई.’ पाळकसाहेब हसले होते, हे आपल्यात मानत नाहीत म्हणाले होते. तरी दगडावर नावं घातली गेली नाहीत. आणि त्यानंतरच्या वर्षी जास्मिनचं पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. पुढे दुसरं गेलं. मग नवरा वेगळा राहायला लागला. आता हा अर्ज. एकापाठोपाठ एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे त्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि एसटीच्या काळोख्या काचेत स्वतःच्या तोंडाकडे बघत त्याने ते वाक्य मनात अनेकदा म्हटलं. कागदावर काय काय छापलेलं असेल ते तो आठवू लागला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, जास्मिन शांतवन भिंगारदिवे.

सकाळी तो कबरस्तानात पोचला तेव्हा आई तिथे आधीच होती. विटांच्या ढिगावर बसलेली, डोक्यावरून पदर, मांडीवर घडी केलेलं पांढरं कापड. मच्छिंद्र आणि त्याचा भाऊ कमरेएवढे आत गेले होते. बाजूच्या शेतात कोणीतरी मोटर चालू केली होती आणि ज्वारीच्या पाटात पाणी पडल्याचा आवाज येत होता. अँड्र्यूने आईला म्हटलं, तू घरी जा, आत्यापाशी बस. आई म्हणाली, आत्यापाशी बाया हायेत. त्याने मच्छिंद्रकडे पाहिलं; मच्छिंद्र खाली बघून माती वर टाकत होता. मग मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. त्याने तो घेतला नाही, तो थांबला, पुन्हा वाजला. ‘घे,’ आई म्हणाली. ‘मीच सांगितलंय तिला.’

जास्मिन घरातच होती, अंगावर जाड स्वेटर, केस मोकळे, डोळ्यांखाली काळं. तिकडे अजून उजाडलं नव्हतं. तिने आत्याचं विचारलं, आईची तब्येत विचारली, आणि मग म्हणाली, ‘अंडू, मागच्या वेळी मला दिसलं नाही. या वेळी दाखव.’ तो म्हणाला, ताई, बघण्यासारखं काही नसतं. ती म्हणाली, मी रोज मेलेली माणसं बघते. पप्पांचं तेवढं बघायचं राहिलंय.  त्याने कॅमेरा फिरवला आणि मोबाईल दोन्ही हातांनी धरला, आणि चार वर्षांपूर्वी उभा होता तसाच, जवळजवळ त्याच जागी, स्क्रीनमध्ये बघत उभा राहिला. स्क्रीनमध्ये माती लहान दिसत होती. फावड्याचा आवाज बदलला, मच्छिंद्रने फावडं देऊन भावाला वर पाठवलं आणि तो हातांनी माती बाजूला करू लागला. आधी लाकडाचे भुसभुशीत काळे तुकडे आले. मग कोट दिसला. तपकिरी रंग मातकट झाला होता, पण कोट कोटच होता. बाह्या, कॉलर, आणि पुढून बंद असलेली तीन बटणं. आत काही भरलेलं राहिलं नव्हतं, तरी बटणं लागलेली होती. मोटरचं पाणी पडतच होतं. अँड्र्यूने कोपर पोटाशी दाबून धरलं. आता बोललं पाहिजे असं त्याला वाटलं, मच्छिंद्रला काहीतरी सांगितलं पाहिजे, कॅमेरा बाजूला घेतला पाहिजे. आणि त्याने यातलं काहीच केलं नाही.

‘मच्छिंद्र,’ आई जागेवरून म्हणाली, साध्या आवाजात, बाजारात काही मागावं तशी. ‘कोटाच्या आतल्या खिशात बघ.’

अँड्र्यूने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मच्छिंद्रने मधलं बटण सोडवायचा प्रयत्न केला, ते सुटेना. शेवटी दोरा कुजलेला होता म्हणून ते तुटून त्याच्या हातात आलं. मग त्याने आत बोटं घातली आणि कागद बाहेर काढला. बाहीला पुसून तो वर अँड्र्यूकडे द्यायला लागला, पण अँड्र्यूचे दोन्ही हात मोबाईलला होते, म्हणून आईनेच उठून तो घेतला. एका कोपऱ्यात प्लास्टिकची कड सुटली होती आणि तिथून केसासारखी बारीक मुळी आत शिरून वाकडीतिकडी पसरली होती. बाकी सगळं स्वच्छ. उन्हात तो कागद नवा असल्यासारखा चकाकला. निळी सही नाहीशी झाली होती, तिच्या जागी फिकट डाग होता. नाव होतं. उत्तीर्ण, हा शब्द होता.

‘हे लई दिवस माझ्या जिवाला लागलंय,’ आई म्हणाली. ती मोबाईलशी बोलत होती की अँड्र्यूशी ते कळत नव्हतं. ‘कोट देताना मला म्हाईत हुतं. म्हनलं, त्येंचं हाय, असू दे. मग रोझीनं ते मातीचं काढलं. तवापासून सांगू का नको. तुझं एकेक व्हायला लागलं, मग तर तोंडच उघडंना.’ तिने पदराने प्लास्टिक पुसलं. ‘आता काढलं तर घरात न्यायचं कसं? मेल्या मानसाला दिलेलं परत आनत न्हाईत. आन हितं ठिवायचं तर तुझं नाव हाय त्यावर.’ मच्छिंद्र खड्ड्यात उभा राहून कपाळ पुसत होता. तो हळूच म्हणाला, काकू, सरकारी कागद हाय, न्या की, त्याला काय व्हतंय. आई म्हणाली, तुझी पोर असती म्हंजे कळलं असतं.

स्क्रीनमध्ये जास्मिन हलत नव्हती. अँड्र्यूला वाटलं, पुन्हा गोठलं. मग तिची पापणी हलली. ‘जवळ धर,’ ती म्हणाली. आईने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. जास्मिन पुढे झुकली. तिच्या चष्म्यात कागदाचा छोटा पांढरा चौकोन उमटला. ती बराच वेळ बघत राहिली. अँड्र्यूने म्हटलं, ताई, नंबर नीट दिसतोय, आजच कुरियर करतो, सही गेलीय पण नंबर आहे, त्यांना कळेल. बोलताना आपला आवाज भराभर चाललाय हे त्याला जाणवत होतं. जास्मिनने त्याला बोलू दिलं.

‘हा इथंच होता,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘तुला माहीत होतं?’

त्याने तोंड उघडलं. माहीत होतं असं म्हणावं तर ते खरं होतं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि नव्हतं असं म्हणावं तर तेही. जास्मिनने उत्तराची फार वाट पाहिली नाही. ‘आई,’ ती म्हणाली, ‘नाव माझंच आहे ना? मग मी सांगते. राहू दे तिथं. मी नव्हते आले. तो तरी असू दे त्यांच्यापाशी.’ आई म्हणाली, अगं पर तुझं सगळं अडलंय त्यापायी. पुन्हा परीक्षा द्यायला लावतील. जास्मिन म्हणाली, लावू देत. नापास झाले तर होईन. मग ती किंचित हसली, किंवा चित्र तसं हललं. ‘हरवला म्हणून लिहून ठेवलं होतं मी. सगळा मजकूर तयार आहे, घर बदलताना गहाळ झाला म्हणून. ते आता पाठवता येणार नाही. हरवलेला नाही तो. लिहीन, मूळ प्रत वडिलांकडे आहे.’

ते तिकडे कोण वाचणार आणि त्याचा काय अर्थ लावणार, हे अँड्र्यूच्या डोळ्यासमोर येईना. त्याला फक्त पप्पांचा अंगठा दिसत होता, दारातल्या फोटोतला, शिक्क्यावर ठेवलेला. जास्मिन म्हणाली, आता मोबाईल बंद कर आणि तुझे हात मोकळे कर. त्याने बंद केला. काळ्या स्क्रीनमध्ये क्षणभर त्याचं तोंड आणि मागचं आभाळ दिसलं.

मग तो खाली उतरला. मच्छिंद्रने जागा करून दिली. जे उरलं होतं ते दोघांनी मिळून पांढऱ्या कापडात घेतलं. फार नव्हतं आणि फार हलकं होतं. कोट घडी करून वर ठेवला. आईने वरून कागद दिला. तिने देताना हात सोडायला वेळ लावला, मग सोडला. अँड्र्यूने कोटाचा पदर उघडला, आतला खिसा अजून शिवणीला घट्ट होता, त्यात कागद सरकवला, कोट मिटला, कापडाची टोकं एकत्र आणली. गाठ मारायला मच्छिंद्रला दोन्ही हात लागणार होते, म्हणून अँड्र्यूने गाठोडं वरून तळहाताने दाबून धरलं.

तेव्हा तो आवाज आला. कोरडा, कापडाच्या आतून, करकर असा. त्याने दाब कमी केला, पुन्हा दिला, पुन्हा आला. तोच. जराही वेगळा नाही. पप्पांच्या छातीवर तळहात टेकला होता तेव्हा असाच आला होता, त्याने तो ऐकला होता, ऐकून मधलं बटण बसवलं होतं, आणि मग खालचं. मच्छिंद्र म्हणाला, सोडा आता साहेब, बसली गाठ. अँड्र्यूने हात काढला नाही. वर कडेला आई उभी होती. तिने कानावरचा पदर मागे सारला होता, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की तो आवाज तिच्याही ओळखीचा आहे.